कोथिंबिरीला आखाजी दाखवू नये

पत्र:

"मावशी, मी मूळची चिपळूणकडची. लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी भुसावळला आले. माहेरी परसात काहीही खोचलं तरी उगवायचं. त्याच भरवशावर यंदा मार्चमध्ये गच्चीवर चौदा काळ्या पिशव्या मांडल्या आणि कोथिंबीर, मेथी, पुदिना, ओव्याचं पान असं सगळं लावलं. संध्याकाळी सहाला कामावरून आले की टाकीच्या नळाला पाइप लावून भरपूर पाणी घालायचे. तरी कोथिंबीर बोटभर झाली आणि फुलावर आली. पुदिना एप्रिलमध्ये करपला. ओवा पावसाळ्यात सडला. आल्या आल्या लावलेला कढीपत्ता दोन वर्षं वीतभरच आहे. सासूबाई म्हणतात, 'तुना हात लागस नही.' आणि उन्हाळ्यात कुणी कोथिंबीर लावतं का, असं म्हणून हसतात. दुसरं, मी फोडणीत अर्धी जुडी कोथिंबीर घालते तरी भाजीला वास येत नाही, त्यांच्या भरताला मात्र मूठभर कोथिंबिरीने घर भरतं. ऑनलाइन बेसिल आणि रोझमेरीचं बी मागवून ठेवलंय, ते लावू का? की हा नादच सोडू?
– भुसावळची एक सून"

मावशी म्हणालीस, म्हणून मीही तू म्हणते.

उद्या संध्याकाळी सहाला पाइप सोडशील ना, तेव्हा पहिलं पाणी झाडांवर सोडू नकोस, आपल्या तळहातावर घे. गच्चीवरची काळी टाकी, तिच्यापासून निघालेली उघडी नळी आणि दिवसभर स्लॅबवर वेटोळं घालून पडलेला पाइप, हे सगळं उन्हात असतं. आता पोळा होऊन गेलाय, तरी ते पाणी कोमट लागेल. एप्रिल-मेमध्ये त्याच पाण्याने आपल्याकडे लोक गीझर न लावता आंघोळ करतात, आणि तेही बादलीत थोडं गार पाणी मिसळून! तुझ्या पुदिन्याला तू महिनाभर रोज संध्याकाळी ते पाणी पाजलंस. तो करपला असं तू लिहितेस, मला तर तो शिजला असं वाटतं.

दुसरी गोष्ट त्या काळ्या पिशव्या. त्या स्वस्त मिळतात, मीही वापरते, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला तर तो बातमीचाही विषय होत नाही. ते झालं सावलीतल्या हवेचं तापमान. तुझी पिशवी उन्हात, काळी आणि वर तापलेल्या स्लॅबला चिकटून बसलेली. उन्हाळ्यात तुझ्या सासूबाई त्याच गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत असतील. दोन दिवसांत ते कसे खडखडीत होतात ते तू पाहिलं असशीलच. त्या बिबड्यांच्या शेजारी तू पुदिना ठेवला होतास, बाई.

म्हणजे हात लागत नाही वगैरे काही नाही. सासूबाईंचं ते वाक्य मी खोडून काढते. पण त्यांचं दुसरं वाक्य, उन्हाळ्यात कोथिंबीर कुणी लावतं का, हे मात्र पदराला गाठ मारून ठेव, कारण त्यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा कायम ओलसर असते. आमच्या जळगाव जिल्ह्यात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. तू माहेरचं वेळापत्रक इथल्या गच्चीवर लावलंस.

खानदेशात हिरव्या मसाल्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि होळीला संपतं. होळीनंतर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जे तग धरतं ते वेगळं, आणि मृग निघाल्यावर जे फुटतं ते वेगळं. बारा महिने सगळं हवं, हा हट्ट सोडलास तर निम्मी कटकट इथेच मिटेल.

आता कोथिंबीर. दसरा पुढ्यात आहे, म्हणून तिचंच सविस्तर सांगते.

घरातले धने घे, पण डब्याच्या तळाशी दोन वर्षं पडलेले नकोत. वीस धने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. आठ-दहा दिवसांत निम्म्याहून जास्त फुटले तर ते धने चांगले, नाही तर दुसऱ्या दुकानातून आण. आपण ज्याला एक धना म्हणतो तो खरं तर दोन बियांचा जोड असतो. म्हणून धने पाटावर पसरायचे आणि वरून चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत. जोर लावलास तर भुगा होईल आणि तो आमटीत घालावा लागेल. मग रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी निथळून राखेत किंवा कोरड्या मातीत घोळायचे, म्हणजे हाताला चिकटत नाहीत. पेरताना बोटाच्या अर्ध्या पेराइतकेच खोल. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, थंडी लवकर पडली तर बारा. या दिवसांत वरची माती सुकू द्यायची नाही. त्यासाठी मी ओलं बारदान पसरून ठेवते आणि पहिलं हिरवं टोक दिसलं की त्याच दिवशी काढते. एक दिवस उशीर झाला तर कोंब बारदानाच्या विणीत अडकतात आणि बारदान उचललं की सोबत येतात. हे मला कसं माहीत ते विचारू नकोस.

कोथिंबीर उपटून दुसरीकडे लावता येत नाही. तिला एक सरळ सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की ती जीव वाचवायला फुलावर येते. उष्णतेतही तेच होतं. तुझी मार्चमधली कोथिंबीर बोटभर असताना फुलली ती यामुळेच. दिवस मोठा झाला, माती तापली, झाडाला कळलं की आता दिवस भरले, तेव्हा बी धरून मोकळं व्हावं. तिने तिचं काम चोख केलं.

म्हणून एकदम सगळं पेरायचं नाही. दसऱ्याला दोन कुंड्या, पंधरा दिवसांनी आणखी दोन, दिवाळीनंतर पुन्हा दोन, असं संक्रांतीच्या पुढे जानेवारीअखेरपर्यंत. पेरल्यापासून साधारण 40 दिवसांत कापायला येते. उपटू नको. जमिनीपासून दोन बोटं वर कात्रीने काप, मधला कोंब राहू दे, एकदा तरी परत फुटेल. जानेवारीअखेर पेरलेली शेवटची कुंडी होळीपर्यंत संपवायची. त्यातली दोन-चार रोपं फुलू दे. फुलांवर मधमाश्या येतात, आणि हिरवे धने झाडावरून तोडून ठेच्यात घातलेस तर तो ठेचा तू चिपळूणला पार्सल करशील.

मेथीचं सगळं असंच, फक्त ती तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत कापायला येते. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं खुडून फेक, फवारे मारत बसू नको. महिनाभरात पोटात जाणारी भाजी आहे ती.

मातीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मला वाटतं शेतातली काळी माती आणून तशीच भरली असणार. इथल्या काळ्या मातीत कापूस आणि केळी झक्कास येते, पण कुंडीत ती दगा देते. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. तू वरून पाणी घालतेस, ते त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. तळातून पाणी आलं म्हणजे झाड प्यालं असं आपल्याला वाटतं आणि मुळं कोरडीच राहतात. आणि पावसाळ्यात उलटं, तीच माती फुगून चिखल होते आणि आठवडाभर वाळत नाही. तुझा ओवा त्यात गेला. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग काहीतरी भुसभुशीत, कोकोपीट म्हण किंवा भाताचा तूस म्हण. वर दोन बोटं जाडीचा थर शेंगांच्या टरफलांचा दे. आपल्याकडे शेंगदाणे विकत आणण्यापेक्षा शेंगा फोडण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती टरफलं कचऱ्यात जातात. कुंडीवर टाकली तर उन्हाळ्यात ओल धरतात. फक्त जमिनीतल्या झाडांना वापरशील तर वाळवीवर नजर ठेव.

आणि पाणी सकाळी, टाकी गार असताना. मेमध्ये संध्याकाळी द्यावंच लागलं तर सकाळी भरून न्हाणीत ठेवलेल्या बादलीतलं. किती द्यायचं ते बोटाला विचार: दोन पेरं बोट मातीत घाल, ओलं लागलं तर राहू दे. पाणी शुद्ध करायच्या मशिनीतून जे वाया जाणारं पाणी निघतं ते कुंड्यांना रोज घालू नको. मुळात इथल्या बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात आणखी गोळा होतात. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसायला लागली की समजायचं. त्याने फरशी पूस.

पुदिन्याला खोल कुंडी नको, पसरट हवी. फुटकं घमेलं उत्तम. बाजारातल्या जुडीतल्या जाड देठाच्या चार काड्या घे, खालची पानं काढ, पाण्याच्या पेल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव. आठवड्यात पांढरी मुळं दिसतील. मग लाव. त्याला सकाळचं ऊन पुरतं. होळी झाली की घमेलं उचलून जिन्यात, न्हाणीच्या मागे, पूर्वेच्या भिंतीला, जिथे दहानंतर ऊन येत नाही अशा जागी न्यायचं. हिरवी शेडनेट लावलीस तर आणखी बरं, निम्मं ऊन अडवणारी घे. आणि जमिनीत लावायचा मोह झाला तर तो आवर. आमच्या जुन्या घरी मी वांग्याच्या वाफ्याच्या कडेला शोभेला म्हणून लावला होता. दुसऱ्या पावसाळ्यात वांगी शोभेला उरली.

ओव्याचं पान परत लाव, ते काडीवर येतं. याची पानं जाड, मांसल असतात, म्हणजे झाड स्वतःचं पाणी स्वतः साठवून बसलेलं असतं. त्याला भरपूर पाणी म्हणजे छळ. तो पावसाळ्यात कट्ट्यावर, पागोळीच्या आत हवा. त्याची भजी पाऊस लागला की करायची. बेसन जरा सैल, त्यात तांदळाच्या पिठाचा एक चमचा, पान दोन्ही बाजूंनी बुडवून लगेच तेलात. पिठात ओवा घालू नको, पानात आहे तेवढा पुरे.

गवती चहा तू लिहिलेला नाहीस. लाव. मृगात एक कोंब खोचलास तर पुढच्या पावसाळ्यात शेजारणींना वाटशील.

कढीपत्ता मात्र खरा आपल्या उन्हाचा माणूस. थंडीत तो रुसतो, डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळतात आणि नवीन बायका घाबरून खत घालत सुटतात. घालू नये. मार्च उजाडला की तो स्वतःहून फुटतो आणि गावातली सगळी कोथिंबीर संपलेली असते तेव्हा तो हिरवागार उभा असतो. तुझा दोन वर्षं वीतभर का राहिला? तीन गोष्टी विचारते, मनाशी उत्तर दे. पिशवी लहान आहे का? भाजीला लागली की खालची दोन-दोन पानं तोडतेस का? शेंडा कधी खुडलायस का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर हो आणि तिसऱ्याचं नाही असणार. वीतभर झाडाची पानं तोडणं म्हणजे रांगत्या मुलाला कामाला लावणं. जमिनीत जागा असेल तर जमिनीत लाव, नसेल तर निदान फूटभर रुंद आणि तेवढीच खोल कुंडी दे. वर्षभर त्याला हात लावू नको. हातभर झाला की फेब्रुवारीअखेर शेंडा काप, म्हणजे बाजूने दोन-तीन फांद्या फुटतील. आणि पुढे कधीही काढताना सुटी पानं ओरबाडायची नाहीत, फांदीचं टोकच कापायचं. जितकं कापशील तितका दाट होतो.

त्याला ताक घालतात हे तुला कुणीतरी सांगेलच. मीही ऐकलं होतं. आंबट ताक चांगलं म्हणजे जास्त आंबट ताक जास्त चांगलं, असा हिशोब करून मी दर गुरुवारी तांब्याभर ओतायचे. महिन्याभरात मातीवर पांढरी बुरशी, कुंडीला मुंग्यांची रांग, आणि दारात असा वास की पोस्टमन पत्र फाटकावरूनच टाकून जायचा. झाड गेलंच. आता महिन्यातून एकदा, वाटीभर ताक दहा वाट्या पाण्यात. तेवढं पुरतं, आणि नाही घातलं तरी फारसं बिघडत नाही.

एक मात्र बघत राहा. पानावर कावळ्याची शीट पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला तर जवळ जाऊन काडीने टोच. तो हलला तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहानपणी पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती तसं सोंग घेते, मोठी झाली की हिरवी होते, आणि टोचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून घाणेरडा वास सोडते. मोठ्या झाडावर असेल तर असू दे, फुलपाखरू देखणं असतं. पण वीतभर झाड ती एका रात्रीत काडी करून टाकते. चिमट्याने उचल आणि शेजारच्या मोठ्या लिंबावर सोडून ये.

बेसिलचं पाकीट ठेव बाजूला, तुझ्या फालुद्याच्या डब्यात बेसिलचंच बी आहे. सब्जा म्हणतात त्याला. जूनमध्ये चिमूटभर पेर, आठवड्यात उगवेल, पानांना बडीशेपेसारखा वास येतो, पास्त्यात घाल नाही तर टोमॅटोवर. रोझमेरीला आपलं ऊन चालेल पण पावसाळा चालणार नाही, आणि ती आली तरी तिचं करणार काय? बट्टीत घालशील? पाकीट मैत्रिणीला दे.

आता स्वयंपाक. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. "फोडणीत अर्धी जुडी कोथिंबीर घालते." कोथिंबिरीच्या पानाचा वास फार उडता असतो, तापलं की वाफेबरोबर जातो. तू अर्धी जुडी जाळून घराच्या धुराड्याला खाऊ घालतेस. उलट कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो, तो फोडणीतच हवा. तेल तापलं, मोहरी तडतडली की कढीपत्ता, तोही पुसून कोरडा केलेला, नाही तर तेल अंगावर उडेल. पानं कुरकुरली की मग हिंग-हळद. वरून कच्चा कढीपत्ता टाकणारी माणसंही मी पाहिली आहेत. ताटात तो बाजूला काढून ठेवायचा असतो म्हणून टाकतात बहुतेक.

कोथिंबिरीचे देठ आणि पानं यांचा संसार वेगळा कर. देठ दणकट असतात, त्यांचा स्वाद वाटणात टिकतो. शेवभाजीचं वाटण करशील तेव्हा विस्तवावर भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, आलं यांच्यासोबत मूठभर देठ टाक. रश्शाला जो हिरवट दाटपणा येतो तो देठांचा. पानं शेवटी, गॅस बंद केल्यावर. वर झाकण ठेवून दोन मिनिटं थांब, मग वाढ. चिरायच्या आधी धू, चिरल्यावर धुऊ नको, आणि बोथट सुरीने चेचून काळी करू नको.

सासूबाईंच्या भरताचं गुपितही यातच आहे, अर्धं तरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. बामणोदकडची ती फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी, बी कमी आणि गर लोण्यासारखा. ती कपाशीच्या काड्यांवर भाजली की धुराचा वास गरात मुरतो. मग सोललेलं गरम वांगं, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी उखळात मुसळाने ठेचायचं. मिक्सरमध्ये फिरवलंस तर त्याची खळ होते. फोडणीला तेलात शेंगदाणे लालसर होऊ द्यायचे, त्यावर कांद्याची पात, ती नुसती मऊ होईपर्यंत, दोन मिनिटांच्या वर नाही, मग ठेचलेलं वांगं, मीठ. खाली उतरवलं की कोथिंबीर. भरीत गरम असतं, पान कच्चं असतं, आणि ते ताटात येईपर्यंत मधली जी चार-पाच मिनिटं जातात त्यात तो वास उठतो. मूठभराने घर भरतं ते असं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असली तर बाकी काही नको.

भरताचा खरा हिरवा मसाला म्हणजे कांद्याची पात, कोथिंबिरीचा नंबर तिच्यानंतर. किलोभर वांग्याला मी चांगल्या दोन मुठी घेते. आणि गच्चीवर पिकवायला हिच्यासारखं सोपं दुसरं काही नाही, तरी तुझ्या यादीत ती नव्हती. पावसाळा संपता संपता टोपलीत मऊ पडलेले, कोंब फुटलेले कांदे निघतातच. ते फेकायचे नाहीत. अर्धे मातीत, अर्धे बाहेर, एकमेकांना टेकून दाटीने बसव. तीन आठवड्यांत पात कापायला येते, दोन-तीन वेळा मिळते, मग कांद्यात जीव राहत नाही, तेव्हा काढून टाक. लसणाचंही तसंच: पाकळीचं टोक वर, बोटभर खोल. लसणाची कोवळी पात आणि हिरवी मिरची, जाडं मीठ, तव्यावर परतून खलबत्त्यात ठेचायची. डिसेंबरातल्या बाजरीच्या भाकरीवर ते आणि कच्चं तेल. इथे जरा थांबते, माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

उन्हाळ्यात काय, तर थंडीत जे जास्त झालं ते. मेथी जानेवारीत जास्त होतेच, ती सावलीत, पंख्याखाली वाळव, उन्हात नको, उन्हात रंग आणि वास दोन्ही जातं. कढीपत्त्याची कापलेली टोकंही तशीच वाळवून शेंगदाण्याच्या चटणीत कुटता येतात. मेमध्ये पुदिन्याचं घमेलं वाचलं असेल तर कैरीच्या पन्ह्यात चार पानं चुरगळून टाक. आणि खानदेशी उन्हाळी स्वयंपाक मुळातच हिरव्यावर फार अवलंबून नाही. पाटोडीची रस्साभाजी, डुबुकवडे, वरण-बट्टी, हे सगळं डाळीच्या आणि बेसनाच्या जोरावर चालतं. सासूबाई मेमध्ये कोथिंबिरीवाचून कसं भागवतात ते बघत राहा. लागलीच तर दहा रुपयांची बाजारातून आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. त्यात कमीपणा कसला?

त्या काळ्या पिशव्यांचं आता काय करायचं ते राहिलं. टाकू नको, पैसे गेलेत. बाहेरून चुन्याचे दोन हात दे, पांढऱ्या झाल्या की कमी तापतील. खाली दोन-दोन विटा, म्हणजे स्लॅबला टेकणार नाहीत आणि पावसाळ्यात तळातून पाणी निघून जाईल. आणि एकेक सुटी ठेवू नको, घोळका करून ठेव, मोठी बाहेर, लहान आत. चौदा पिशव्यांचं वाटप मी असं करीन: सहा कोथिंबिरीला पाळीपाळीने, तीन पातीला, दोन मेथीला, एक ओव्याला, एक गवती चहाला, आणि एक सासूबाईंना मोकळी. त्यात त्यांना हवं ते लावू दे. मी पैज लावते, त्या मिरची लावतील.

भरताची वांगी बाजारात यायला लागली की पहिल्या पातीची पाळी बरोबर त्याच वेळी येईल असे कांदे बसव, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. कापायला विळी सासूबाईंच्या हातात दे. तुझी सुरी बोथट आहे, असा माझा संशय आहे.